बीट: कुकरमध्ये उकडलेले की कच्चे किसलेले?

दादरच्या बाजारातून पानांसकट आणलेले बीट उकडावे की कच्चेच किसून त्याची कोशिंबीर करावी, हा प्रश्न चवीइतकाच पोषणाचाही आहे. बीटातील नायट्रेटचे तोंडातील जिवाणूंमुळे नायट्राइट आणि पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब किंचित उतरण्यास मदत होते. मात्र नायट्रेट, फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) आणि लाल रंग देणारी बीटालेन ही द्रव्ये पाण्यात विरघळत असल्याने, सोलून-चिरून उकडलेल्या बीटातील त्यांचा बराच अंश पाण्याबरोबर मोरीत जातो. कच्च्या किसात हे नुकसान टळते.

म्हणून उकडायचेच असेल, तर साल व देठाचा बोटभर भाग राखून अख्खे बीट कुकरच्या कोरड्या भांड्यात ठेवावे आणि पाणी फक्त कुकरच्या तळाशी घालावे. मध्यम बीटाला साधारण चार शिट्ट्या पुरतात. साल नंतर बोटांनीच निघते. ज्यांना ऑक्झलेटचे (बीटातही असणाऱ्या एका द्रव्याचे) मुतखडे होतात, त्यांच्यासाठी मात्र हिशेब उलटा आहे, कारण भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकल्यास ऑक्झलेट कमी होते. अशांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मातकट वास दोन्हींना असतो, तो लिंबाने मंदावतो. सकाळी मीठ घालून डब्यात भरलेली कच्ची कोशिंबीर लोकलमधून कार्यालयात पोहोचेपर्यंत पाणी सोडते, त्यामुळे डब्यासाठी मी उकडलेल्या फोडीच निवडतो आणि कच्चा कीस रात्रीच्या जेवणासाठी राखतो. (दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसल्यास घाबरू नये, तो बहुधा बीटाचाच रंग असतो.)