तीन हजारांतली नाताळची सजावट: एक सण आणि एक पावसाळा उलटल्यानंतर

झाडावर पैसे कमी घाला, दिव्यांवर जास्त. बाकी सगळं यामागून येतं.

पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घराचं हे सामान: पीव्हीसीचं पाच फुटी झाड, तांब्याच्या तारेच्या दहा-दहा मीटरच्या दोन दिव्यांच्या माळा, तीन डझन गोळे, खणाच्या फिती, घरी बांधलेली चांदणी आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी लावलं, ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाल्यावर उतरवलं, पावसाळाभर माळ्यावर ठेवलं आणि नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. २५ डिसेंबरला सगळंच छान दिसतं. पैसे कुठे वाया गेले, ते पेटी पुन्हा उघडल्यावर कळतं.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, दिव्यांचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक २३० व्होल्टची हिरव्या वायरची, डबीवरच्या बटणाने लुकलुकणारी माळ. दुसरी यूएसबीवर ५ व्होल्टला चालणारी, केसासारख्या तांब्याच्या तारेची. पहिलीत दिवे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक एलईडी उडाला किंवा एक टाका सुटला की तेवढा सगळा तुकडा अंधारात जातो आणि दोष शोधताना एकेक दिवा चाचपत बसावं लागतं. दुसरीत जोडणी समांतर असते. एक गेला तर एकच जातो. शिवाय घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ५ व्होल्टला पर्याय नाही. आमच्या दोन्ही माळा नाताळनंतरही खिडकीत रोज चालू होत्या. प्रकाश तेवढाच आहे.

त्यांच्या खोडी मात्र माहीत हव्यात. तारेवर लाखेसारखा पातळ लेप असतो, तोच तिचं वेष्टण. खिळ्याच्या धारेवर घासली तर लेप जातो आणि दोन तारा टेकल्या की माळ विझते. म्हणून खिळ्याऐवजी चिकटपट्टीचे हुक लावा. लांबी वाढवायला माळेला माळ जोडू नका, कारण बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि टोकाचे दिवे मंद होतात. वीस मीटर हवे असतील तर दहाच्या दोन माळा वेगवेगळ्या चार्जरवर चालवा. पॉवर बँकेवर भिस्त ठेवू नका: माळ वीज इतकी कमी ओढते की काही पॉवर बँका फोन भरला असं समजून आपोआप बंद होतात. तीन पेन्सिल सेलवर चालणारी माळ स्वस्त वाटते, पण शंभर दिव्यांना ते सेल एक-दोन संध्याकाळच पुरतात. चार्जिंगचे सेल टाकले तर ४.५ऐवजी ३.६ व्होल्टच मिळतात आणि उजेड मलूल पडतो. जुना मोबाईल चार्जर सगळ्यात बरा. माळ ५ वॅटची धरली तरी रोज सहा तासांप्रमाणे चाळीस दिवसांत सव्वा युनिटही जळत नाही.

रंग फक्त पिवळसर पांढरा घ्या, २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप). निळसर पांढऱ्यात महागडं झाडही दवाखान्यातलं वाटतं. दोन्ही माळा एकाच खोक्यातून काढून दुकानातच पेटवून पाहा, कारण दोन लॉटमधला पिवळेपणा जुळेलच असं नाही. दिवाळी उलटल्यावर लगेच गेलात तर घासाघीस करायला वावही असतो.

आता झाड. हजार-बाराशेच्या पाच फुटी झाडाला पाती जेमतेम अडीचशे असतात आणि मधला दांडा उघडा दिसतो. पहिली माळ फांद्यांवर न टाकता दांड्याला खालून वर गुंडाळा, दुसरी फांद्यांच्या टोकांवरून फिरवा. आतून उजेड आला की विरळपणातही गहिरेपणा वाटायला लागतो. प्रत्येक पातं दांड्याकडून टोकाकडे उघडत जा. याला पाऊण तास लागतो आणि तो वाचवता येत नाही. झाड कोपऱ्यात असेल तर मागच्या फांद्या वळवून पुढे आणा.

प्लास्टिकचा तिपाई पाया हा या झाडांचा सगळ्यात कमकुवत भाग. स्क्रू पिळून बसत नाहीत आणि गोळे लटकवले की झाड एका बाजूला कलतं. पाया घमेल्यात ठेवून पायांवर दोन विटा आणि वर वाळू टाका, घमेल्याला गोणपाट गुंडाळा. दिसतंही बरं. पावसाळ्यानंतर पात्यांच्या टोकांच्या तारांना थोडा गंज होता, बाकी झाड शाबूत.

चकचकीत गोळे पिशवीत एकमेकांना चिकटले आणि सोडवताना मुलामा निघाला. मॅट गोळ्यांवर ओरखडे दिसत नाहीत, तेच घ्या. झगमगीची माळ घेऊच नका. तिच्या जरीचे कण मार्चपर्यंत झाडून निघत नाहीत. सगळ्यात देखणा निघाला तो खण. अर्ध्या मीटर खणातून ५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी लांब अशा वीसेक फिती निघतात. कडा उसवतात, म्हणून झिगझॅग कात्रीने कापा. हिरव्यावर गर्द लाल किंवा जांभळा खण आणि जुने सोनेरी गोळे, एवढे दोनच रंग. कापसाचा बर्फ पुण्यात कशाला, हा प्रश्न आहेच. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८पासून बंदी आहे.

चांदणी बाजारात घेण्यापेक्षा बांधा. बुरूड आळीतून दोन फुटी दहा कामट्या आणा. पाच-पाचांचे दोन तारे सुतळीने बांधा, पाचही टोकं एकमेकांना बांधून टाका, मग आतल्या पाच सांध्यांमध्ये सहा इंची काड्या अडकवून पोट फुगवा. काड्या सारख्या लांबीच्या नसतील तर चांदणी वाकडी फिरते. आत ३ ते ५ वॅटचा एलईडी बल्ब. पतंगी कागद दवाने ढिला पडतो आणि त्याचा रंग भिंतीवर उतरतो; गॅलरीसाठी पांढरा बटर पेपर बरा. मैद्याच्या खळीवर झुरळं आणि कसर येते. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांना खळीला हात लावू देऊ नका. सांगाडा वर्षानुवर्षं राहतो, कागद तेवढा दरवर्षी नवा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा असेल तर तोही चालतो.

गोठ्यासाठी हिरवळ विकत घेऊ नका, घटस्थापनेसारखा गहू पेरा. रात्रभर भिजवून, तळाला भोकं असलेल्या ट्रेमध्ये इंचभर मातीवर दाट पसरा आणि दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा. पुण्याच्या थंडीत चार इंच वाढायला बारा दिवस धरा, म्हणजे पेरणी १२ डिसेंबरला. २४ला हिरवागार असलेला हा गहू ६ जानेवारीपर्यंत पिवळा पडून लोळतो, म्हणून दुसरा ट्रे २० तारखेच्या सुमारास पेरून ठेवा. पाणी साचलं तर बुरशी येते; फवारणीच करा. प्लास्टरच्या मूर्ती ओल्या मातीवर थेट ठेवल्या की तळाकडून ओल शोषतात आणि रंगाला फोड येतात. प्रत्येकीखाली फरशीचा तुकडा सरकवा. पेंढ्याजवळ मेणबत्ती नको, एवढं सांगायला हवं. बाळ येशू २४च्या रात्री ठेवायचा, तीन राजे तोवर कपाटावर दूर.

उतरवताना माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, दर दोन वळशांनी खाच पाडा. हातावर गुंडाळलेली तार पुढच्या वर्षी सुटत नाही. कुठे सेल असतील तर ते काढून ठेवा, नाहीतर गळून कप्पा खातात. झाड मूळ खोक्यात परत जात नाही. फांद्या वर दाबून जुन्या साडीत गुंडाळा आणि सुतळीने आवळा. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात हॉट ग्लूने चिकटवलेलं सगळं सुटतं, म्हणून घंटा आणि पाइनची बोंडं चिकटवण्याऐवजी तारेने बांधा.