दोनशे पन्नास रुपयांच्या कामाचे मी ९,९०० मोजले

दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे आणि वकील मैत्रिणीने नाव लिहू नकोस म्हणून दम दिलाय. पुण्यातलं आहे, चकाचक आहे, भिंतीवर परदेशी सायकली टांगलेल्या आहेत, एवढं पुरे.

वेताळ टेकडीवरून उतरताना माझी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, उजव्या अंगावर आडवी झाली. मला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून मागचे गिअर बिनसले. चौथा टाकला की साखळी चौथ्या-पाचव्यात घुटमळायची, करकर वाजायची. हँडलवर गिअर बदलायचा शिफ्टर असतो, त्याच्याजवळचा बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू, मी अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहिला. मागच्या चाकाच्या लहान चकत्यांवर जमलं की मोठ्यांवर बिघडायचं, मोठ्यांवर जमलं की लहानांवर. ज्यांना सायकल कळते ते इथेच म्हणतील, अगं, हँगर वाकलाय! बरोबर. फ्रेम आणि मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो तो भाग) यांच्यामधली ती अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे आपटल्यावर ती वाकावी, फ्रेम नाही. केबलचा ताण कमीजास्त करून वाकडी पट्टी सरळ होत नसते. हे मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी नव्हतं, आणि ते कळण्याचेच तर दुकानदार पैसे घेतो ना?

काउंटरवरच्या माणसाने चाक उचललं, पेडल दोनदा फिरवलं आणि निदान केलं. "मॅडम, डिरेलरची स्प्रिंग मेली. सगळा सेट काढावा लागेल. नाहीतर घाटात डिरेलर स्पोकमध्ये जाईल, चाक जाम होईल, तुम्ही थेट रस्त्यावर." आता यातली भीती खोटी नाही. हँगर आत वाकलेला असेल आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकला, तर डिरेलर खरंच स्पोकमध्ये जाऊ शकतो. त्याने खरा धोका सांगितला आणि खोटा इलाज विकला. हँगरचा 'ह'सुद्धा काढला नाही.

हिशोब असा: मागचा डिरेलर २,४५०, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) १,८५०, साखळी १,१५०, शिफ्टर १,४००, केबल आणि आउटर ३५०, मजुरी ९००. एकूण ८,१०० रुपये. बिल म्हणून मिळाला वर 'एस्टिमेट' छापलेला पिवळा कागद. ना जीएसटी क्रमांक, ना शिक्का. पैसे यूपीआयने, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी खाजगी खात्यावर.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून कान तापतात. संध्याकाळी सायकल घ्यायला गेले तेव्हा मी विचारलं होतं, "जुने पार्ट कुठायत?" पोऱ्या म्हणाला, "ते भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." सकाळीच! सायकल मी दुकानात दिली दुपारी साडेबाराला. दुपारी आलेल्या सायकलचे पार्ट सकाळी भंगारात कसे जातील? वाक्य माझ्या कानावर पडलं, मी मान डोलावली आणि हेल्मेट घातलं. बाहेर पाऊस कोसळत होता, मागे दोन माणसं ताटकळत होती, समोर नवी साखळी लखलखत होती. तुम्हीही डोलावली असती. ग्रुपमधल्या ज्या दोघांनी "एवढंही कळलं नाही?" म्हणून दात काढले, त्यांनीही डोलावली असती.

पुढच्याच रविवारी बोपदेव घाटात उभी राहून जोर लावला तर साखळी खटकन सटकली आणि गुडघा हँडल धरणाऱ्या स्टेमवर आदळला. पुन्हा दुकान. या वेळी निदान 'फ्रीहब गेला', म्हणजे मागच्या चाकात कॅसेट बसते तो भाग. १,८०० रुपये. करकर तशीच, सटकणं तसंच.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी डिरेलर सोडवून हँगरला मापाचा लांब दांडा लावला. चाकाच्या एका बाजूला तो रिमला टेकत होता, दुसऱ्या बाजूला बोटभर फट. मग रॉकेलच्या फडक्याने डिरेलर पुसला, आणि काळा मार्कर उतरून खालून माझाच ओरखडा वर आला. टेकडीवर पडला होता तो. शिफ्टरही माझाच, घंटीच्या पट्ट्याने घासल्याची खूण जिथल्या तिथे. कॅसेट माझीच, डिझेलमध्ये धुतलेली, मधल्या तीन चकत्यांचे दाते झिजून हुकासारखे झालेले. फ्रीहबमधलं ग्रीस काळं ठिक्कर, म्हणजे तो उघडलाही नव्हता. काका म्हणाले, "ताई, यात नवीन आहे ती फक्त साखळी. आणि झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी बसत नाही, म्हणून तर सटकतेय." म्हणजे जुनी साखळी चालली असती ती यांनी काढली आणि नसलेला दोष तयार केला! हँगर सरळ करायचे काकांनी २५० घेतले. कॅसेट आता खरोखरच बदलावी लागली, १,३००.

पोलीस चौकीत गेले. "गिअरसाठी आलात?" एक जण हसला. मग "ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." मार्करने रंगवून जुना माल नवा म्हणून विकणं ही दिवाणी बाब? अर्ज घेतला नाही, पोचही नाही. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर पहिला प्रश्न: पक्कं बिल आहे का? नाही म्हटल्यावर पलीकडचा आवाजच बदलला. काही दिवसांनी मेसेज आला, 'व्यापाऱ्याकडून प्रतिसाद नाही. तक्रार निकाली.' निकाली! चोराने फोन उचलला नाही म्हणून चोरी निकाली. आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा काय म्हणतो? बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. म्हणजे दुकानदाराचा जो गुन्हा, तोच माझ्या तक्रारीतली त्रुटी म्हणून मला ऐकवला जातो. हे मी फोनवर वाचूनही दाखवलं. "मॅडम, सिस्टीममध्ये बिल अपलोड करावं लागतं."

तर ऐका. जुने पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, ते तुमचेच असतात. सायकल देण्याआधी डिरेलर, शिफ्टर, कॅसेटचे जवळून फोटो काढा, ओरखड्यांसकट. सायकल उजवीकडे पडली असेल तर आधी विचारा, "हँगर मोजला का?" मोजायचं साधनच नसेल तर निघा. साखळी झिजलीय म्हणाले तर मोजपट्टी लावा: बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण) बरोबर बारा इंच भरतात, एक सोळांश इंच वाढल्या तर साखळी बदला, एक अष्टमांश वाढल्या तर कॅसेटही गेली समजा. 'एस्टिमेट' म्हणजे बिल नव्हे. आणि "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं" हे ऐकू आलं की सायकल उचला.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकील सक्तीचा नाही. शपथपत्र झालंय, पिवळा कागद आणि यूपीआयचा पुरावा जोडलाय. काका लेखी द्यायला तयार आहेत, फक्त तारखांना यायला नाही म्हणतात. मागितलेत ९,९००, वर कॅसेटचे १,३००.