घर बांधून घेतल्यानंतरचे 14 महिने: कंत्राटदाराची निवड आणि खर्चाचा हिशेब

स्वतः बांधून घेतलेल्या घरात राहायला येऊन आम्हाला 14 महिने झाले. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा या भिंतींवरून गेल्यामुळे, बांधकामाच्या काळात घेतलेले कोणते निर्णय टिकले आणि कोणते महागात पडले, हे आता खात्रीने सांगता येते.

आमच्यासमोर तीन कंत्राटदारांचे दर होते. दोघांनी चौरस फुटाचा एकच आकडा दिला होता, तर तिसऱ्याने खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, गिलावा, फरशी अशी बाबवार परिमाणे आणि दर लिहून दिले होते. त्याची एकूण रक्कम सर्वांत जास्त होती आणि पहिल्या नजरेत तो बाद झाल्यातच जमा होता. मात्र बाकीच्या दोघांना आम्ही विचारले, की जिना आणि बाल्कनी कोणत्या हिशेबाने धरली आहे, पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग दरात आहे का. तेव्हा बहुतेक गोष्टी दराबाहेर निघाल्या आणि त्या मिळवल्यावर तिन्ही आकड्यांत नाव घेण्याजोगा फरक उरला नाही. तिसऱ्या कंत्राटदाराने स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे पाया, कॉलम आणि स्लॅबची मापे व त्यांतली सळई दाखवणारा नकाशा, पाहिल्याशिवाय दर देण्यास नकार दिला होता. त्या वेळी तो अडून बसल्यासारखा वाटला, पण माझ्या मते त्याला निवडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच होते. त्याने दाखवलेली नवी कोरी घरे बाजूला ठेवून आम्ही त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेली दोन घरे पाहिली, आणि तिथेही दर्शनी भाग न पाहता वरच्या मजल्यावरील बाथरूमखालचे छत, खिडक्यांचे कोपरे आणि गच्चीच्या कठड्याचा सांधा पाहिला. ओल कुठे शिरते हे तिथेच कळते.

सिमेंट आणि सळई आम्ही स्वतः घेतली. उरलेले काम मालासकट दिले. सळईच्या पहिल्या खेपेतच या निर्णयाची किंमत आणि फायदा दोन्ही समजले. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. म्हणजे 12 मिलिमीटरची 12 मीटर लांबीची एक सळई साधारण 10.7 किलो भरते. सळया मोजून हिशेब केला, तर मालासोबत आलेल्या चलनावरचे (पावतीवरचे) वजन त्याहून बरेच जास्त लिहिलेले होते. पुरवठादाराने वाद न घालता फरक वळता केला, पण त्यानंतरची प्रत्येक खेप आम्ही काट्यावर वजन करूनच उतरवून घेतली.

अंदाजपत्रकावर आम्ही 12 टक्के राखीव रक्कम ठेवली होती आणि ती पूर्ण संपली. तिचा मोठा वाटा घराच्या पायाच्या कामात गेला. माती परीक्षण अनावश्यक खर्च समजून आम्ही टाळले होते, आणि खोदाईत एका कोपऱ्यात मऊ भराव लागल्याने तिथला पाया ठरल्यापेक्षा बराच खोल न्यावा लागला. परीक्षण केले असते तर खोदाई वाचली नसती, पण तो खर्च मूळ अंदाजातच आला असता. उरलेली रक्कम आमच्याच बदलांनी खाल्ली: वीटकाम झाल्यावर स्वयंपाकघराची भिंत सरकवली, विजेचे पॉइंट वाढवले. पहिले वाढीव काम तोंडी सांगितले आणि बिल पाहून धक्का बसला. पुढे परिमाण, दर आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय कोणतेही वाढीव काम सुरू होऊ दिले नाही. हप्ते जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधले होते आणि शेवटचे 5 टक्के वर्षभर राखून ठेवण्याचे करारातच लिहिले होते.

तक्रारीही आहेत. काँक्रीट आणि गिलावा नीट पक्का होण्यासाठी त्यावर पाणी मारत राहावे लागते, त्यात कंत्राटदाराची माणसे ढिली होती. कॉलमला गुंडाळलेली पोती दुपारपर्यंत कोरडी पडत, म्हणून शेवटी आम्ही वेगळा माणूस ठेवला. पश्चिमेच्या भिंतीच्या गिलाव्यावर आलेल्या केसासारख्या बारीक भेगा मला त्याच हलगर्जीपणाचा परिणाम वाटतात. गच्चीवर मात्र फरशी बसवण्यापूर्वी 48 तास पाणी साठवून चाचणी घेतली होती आणि संपूर्ण पावसाळ्यात कुठेही ओल आली नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर टेप धरून आतल्या पाइपांचे आणि वायरिंगचे फोटो काढून ठेवा. परवा बाथरूममध्ये मांडणी बसवताना ड्रिल जिथे लावणार होतो, तिथून गरम पाण्याचा पाइप जातो हे त्या फोटोमुळेच कळले.

त्याच बाथरूमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसापासून पाणी साचत होते, कारण फरश्यांचा उतार जाळीकडे नव्हता. सांधे भरण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून पाहिले असते तर चूक तेव्हाच सापडली असती. कंत्राटदार दोन महिने तारखा देत राहिला. राखून ठेवलेल्या रकमेची मुदत जवळ आली तेव्हा गवंड्याला घेऊन स्वतः आला. चार फरश्या उखडून उतार नव्याने दिला, दोन दिवसांनी आमच्यासमोर पाणी ओतून ते पूर्ण वाहून गेल्याचे दाखवले, आणि त्याच संध्याकाळी आम्ही त्याचे उरलेले 5 टक्के चुकते केले.