.३२ रिव्हॉल्व्हरसाठी खडकीची काडतुसं: दोन पावसाळ्यांचा अनुभव

आमचा पेट्रोल पंप सासवड रस्त्याला आहे. दादा गेले तेव्हा पंपाबरोबर त्यांचं रिव्हॉल्व्हरही माझ्याकडे आलं. म्हणजे आधी ते पोलीस ठाण्यात जमा झालं आणि वारस म्हणून माझ्या नावाचा परवाना होईपर्यंत तिथेच राहिलं. कानपूरचं, .३२ बोरचं, सहा गोळ्यांचं. हत्याराबद्दल पुष्कळजण बोलतात. काडतुसांबद्दल कोणी बोलत नाही. दुकानदार देईल ती घ्यायची आणि कपाटात ठेवून द्यायची, एवढंच बहुतेकांकडे होतं. आमच्याकडेही तेच झालं होतं.

दादांची काडतुसं कातडी पट्ट्यात ओळीनं खोचलेली होती. किती वर्षं, देव जाणे. ती बाहेर काढली तर पितळेवर हिरवा कळंक चढलेला, आणि पट्ट्यातून निघताना चिकटून निघत होती. तीच घेऊन मी पहिल्यांदा नेमबाजी क्लबच्या रेंजवर गेले. पहिली उडाली, दुसरी उडाली, तिसरीला नुसतं टक्. माझा हात लगेच खाली यायला लागला, तेव्हा मागून सर म्हणाले, "ताई, नळी समोरच. तीस मोजा." काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून ते तीस आकडे. सहातल्या दोन गोळ्या पेटल्याच नाहीत. रात्रीचा गल्ला घेऊन निघताना ज्यांच्या भरवशावर दादा गाडीत बसायचे, ती ही काडतुसं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यात काडतुसं बनवणाऱ्याचा दोष नाही. कातडं कमावताना जे वापरतात ते पितळेला खातं, त्यात आपला पावसाळा. पट्टा मिरवायला ठीक, साठवायला नाही.

मग नवीन घ्यायला निघाले. एका दुकानात परवाना दाखवला, ".३२ द्या" म्हटलं, आणि काउंटरवरच्या मुलानं पाकीट पुढं केलं. ते पिस्तुलाचं .३२ होतं. मला तेव्हा फरक कळत नव्हता. केवळ पाकिटावर रिव्हॉल्व्हर हा शब्द दिसला नाही म्हणून मी परत दिलं. कॅम्पातल्या दुसऱ्या दुकानात एका वयस्कर काकांनी दोन्ही काडतुसं काचेवर शेजारी शेजारी उभी केली आणि म्हणाले, "बघा, आणि आता कधी विसरू नका." रिव्हॉल्व्हरचं काडतूस उंच, गोळी करड्या शिशाची, आणि बुडाला ठळक बाहेर आलेला काठ. पिस्तुलाचं बुटकं, गोळीवर तांब्याच्या रंगाचं कवच, काठ जेमतेम नखाला लागेल इतका. पंचाईत अशी की पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या गोळीच्या घरात जाऊ शकतं. पण त्याचा दाब बराच जास्त असतो, आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला तो सोसेलच असं नाही. शिवाय आमच्यासारखं मधून दुमडणारं हत्यार उघडलं की आतली चांदणी वर येऊन सगळ्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, काठाला धरून उचलते. काठच अपुरा असेल तर ती धरणार कशाला? दुकानात शब्द नेमका वापरा: .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. हे काडतूस १८९६ सालचं आहे, अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसननं काढलेलं. आपल्याकडे मात्र ते पुण्यातच बनतं, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. बुडावर केएफ कोरलेलं असतं, म्हणजे किर्की फॅक्टरी; किर्की हे खडकीचं इंग्रजी नाव. १८६९ चा कारखाना. लहानपणी त्याच्या भिंतीजवळून शेकडो वेळा गेले असेन, पण आत काय बनतं याचा कधी विचार केला नव्हता.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. अमेरिकेतले व्हिडिओ बघून माझा भाचा म्हणाला, "मावशी, हॉलो पॉइंट शोध." टोकाला खळगा असलेली, आत गेल्यावर फुलणारी गोळी. पण फुलायला वेग लागतो. या काडतुसाची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर. तीन इंची नळीतून त्याहूनही कमी. एवढ्या वेगात खळगा बहुधा नुसता खळगाच राहतो. याच बोरात सपाट तोंडाची वॉडकटरही असते. २५ मीटर सेंटर फायर खेळणारे नेमबाज ती वापरतात, आणि कागदावर पंच मशीननं पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक पडतं. आमच्या गोल टोकाच्या गोळीनं कागद फाटतो. वॉडकटर मला आवडली असती, पण दुकानात मिळाली नाही. तिच्यामागे धावण्यापेक्षा खडकीचीच जास्त घेऊन सरावाला वापरावी, असं मी ठरवलं. माझ्या परवान्यावर एका वेळी २५ आणि वर्षाला ५० इतकीच आहेत, म्हणून एकेक गोळी विचार करून खर्च करावी लागते.

नवीन काडतुसांच्या पहिल्या २४ मी दोन शनिवारी उडवल्या. सगळ्या उडाल्या. झटका इतका हलका की पहिल्या गोळीनंतर डोळे निशाणावरच राहतात. माझ्या मनगटाला संधिवात आहे, मला याचं मोल फार आहे. १० मीटरवरून घोडा हातानं मागे ओढून मारल्या तर सहाच्या सहा तळहाताएवढ्या जागेत. नुसता चाप ओढून मारल्या तर वीतभर पसरल्या आणि डावीकडे गेल्या, कारण चाप जड आहे. तो दोष माझा आणि सरावानं कमी होतोय. धूर बऱ्यापैकी होतो, आणि शिशाची गोळी असल्यामुळे नळीत शिसं धरतं. घरी आल्यावर ब्रश फिरवावाच लागतो, आणि नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय मी पाण्याच्या भांड्याला शिवत नाही. आवाज कधी नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

ताकद कमी आहे, हे खरंच आहे. पण हडपसरला फ्लॅटमध्ये राहताना दुसरी बाजूही दिसते. आतल्या खोल्यांची प्लायची दारं या गोळीलाही अडवणार नाहीत, आणि पलीकडे सासूबाई झोपतात. त्यामुळे कुठल्या दिशेला कधीच नळी करायची नाही, हे मी घरात चालत फिरून ठरवलं. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. परवाना घेणाऱ्यानं ती अकरा कलमं एकदा शांतपणे वाचावीत. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही.

साठवणुकीचं सांगते. रिव्हॉल्व्हरमधल्या सहा सोडून बाकीची काडतुसं मूळ पाकिटात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, हत्यारापासून वेगळ्या कुलपात. पितळ काळवंडलं म्हणून चिंच किंवा पितांबरी लावू नका, आणि तेलाचा हात तर अजिबात नको. तेल बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून आत शिरलं तर काडतूस मेलंच. कोरडं सुती फडकं पुरे. रिव्हॉल्व्हरमध्ये असलेल्या सहा मी दर जूनच्या आधी रेंजवर उडवते आणि त्या जागी नवीन घालते. रिकाम्या पुंगळ्या मोजून पिशवीत ठेवते, वहीत नोंद करते, दुकानाचं बिल त्याच पानाला टाचते.

कॅम्पातल्या काकांकडेच पुन्हा गेले होते, मेमध्ये. त्यांनी पाकीट द्यायच्या आधी विचारलं, "मागच्या किती उडवल्या?" मी वही दाखवली.