मिररलेस कॅमेरा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

24 मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (35 मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. फिल्म किंवा डीएसएलआरवर (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर) हात बसलेल्यांना काय बदलावं लागतं, ते लिहितो.

सगळ्यात मोठा फरक व्ह्यूफाइंडरचा. बटण दाबण्याआधीच फोटो किती उजळ येणार ते दिसतं. पण या दिसण्यावर विसंबू नका. व्ह्यूफाइंडरचा ब्राइटनेस ऑटोवर असला की रात्री काळवंडलेली फ्रेमही ठीक वाटते आणि संगणकावर उघडल्यावर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) कमी उजळ निघते. ब्राइटनेस मॅन्युअल करून मधल्या पातळीवर ठेवा, निर्णय हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून घ्या. त्यातही एक मेख आहे: तो जेपेगवरून (कॅमेऱ्याने तयार केलेल्या फोटोवरून) काढलेला असतो, रॉवरून (सेन्सरच्या कच्च्या माहितीवरून) नाही. पिक्चर स्टाइल (रंग आणि कॉन्ट्रास्टची सेटिंग) व्हिव्हिड, म्हणजे भडक असेल तर आलेख उजव्या, म्हणजे उजेडाच्या कडेला लवकर टेकतो, तेव्हा रॉमध्ये बहुधा अजून थोडी जागा असते. स्टाइल न्यूट्रल आणि कॉन्ट्रास्ट कमी केला की अंदाज बराच खरा येतो. लाल-पिवळ्या फुलांसाठी आरजीबी (लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगळा दाखवणारा) हिस्टोग्रामच लावा. एकटा लाल चॅनेल उडतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, आणि एकत्रित आलेखात ते कळतही नाही.

निगेटिव्ह फिल्मची सवय इथे उलटी करावी लागते. तिथे सावली बघून एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) ठरवायचं, उजेडाचा भाग फिल्म सांभाळून घ्यायची. इथे आधी उजेड वाचवायचा, कारण एकदा उडालेला पांढरा परत येत नाही. 14 बिट रॉमध्ये प्रत्येक चॅनेलला 16,384 पातळ्या असतात, जेपेगमध्ये 256. म्हणून आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) 100 ला सावली दोन स्टॉप सहज वर येते. आयएसओ 6400 ला हीच अपेक्षा ठेवली तर नुसता नॉइज (दाणेदार ठिपके) हाती लागतो.

इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द आहे, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. वेगाने फिरणारी बॅट वाकडी येते. 50 हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे 1/500 सेकंदाच्या शटरला फोटोभर आडवे पट्टे उमटतात. 1/100 किंवा 1/50 ला ते बहुतेक जातात. डिमर लावलेल्या एलईडीवर हा उपाय नेहमी चालत नाही. तिथे मेकॅनिकल शटर बरं.

स्टुडिओ फ्लॅशसाठी एक्स्पोजर प्रिव्ह्यू (फोटो किती उजळ येणार ते आधी दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर फ्लॅश पेटण्याआधी 1/160, एफ/8 (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ 100 ला व्ह्यूफाइंडर काळाच दिसतो.

आरसा नसल्याने सेन्सरवर धुळीचा त्रास जास्त. लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली. एफ/16 ला पांढरी भिंत आउट ऑफ फोकस टिपली की डाग दिसतात. हाताने दाबायचा ब्लोअर वापरा, डब्यात दाबून भरलेली हवा नको, तिच्यातल्या द्रवाचे डाग सेन्सरवर बसतात.