दीड वर्ष पेडिक्युअर, मग चौदा महिने पायाच्या डॉक्टर: माझा अनुभव

अंगठ्यातून निघालेला नखाचा काटा मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलाय. घरच्यांना किळस येते. येऊ दे. जेमतेम चार मिलिमीटरची ही चीज, पण हिच्यापायी मी दीड वर्ष दर महिन्याला पार्लरमध्ये पैसे मोजले आणि वर 'आता बरं वाटतंय गं' असं सर्टिफिकेटही देऊन आले.

पेडिक्युअर म्हणजे काय हे सांगत बसत नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख बाहेरच्या कडेला रुतायचं. पार्लरमधल्या मुलीचा हात हलका आणि ती उगाच बडबड करत नाही, म्हणून मी तिच्याकडेच जायची. पाण्यात पाय भिजवून, स्क्रब झालं की ती एक बारीक अणकुचीदार हत्यार घेऊन नखाचा कोपरा 'खोलवर साफ' करायची. पुढचे आठ दिवस स्वर्ग. तिसऱ्या आठवड्यात ठसठस सुरू, चौथ्यात मी पुन्हा तिच्या खुर्चीत. माझं नखच खोडसाळ आहे अशी मी समजूत करून घेतली होती. मग एका रात्री पांघरुणाचा भारही अंगठ्याला सोसेना. सकाळी मोजा काढताना कडेला पू दिसला आणि मी चडफडत पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायाची डॉक्टर, गाठली. चडफडत अशासाठी की तिथल्या एका भेटीच्या पैशांत तीन पेडिक्युअर होतात.

त्या भेटीनंतर घरी येऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवलं होतं ते जसंच्या तसं देते: 'ना पाणी, ना मालीश, ना रंग. पंचवीस मिनिटं. त्यातली पाच माझे बूट बघण्यात घालवली. नखं तर मीही कापते. पुन्हा जाणे नाही.'

हे मत दोन आठवडे टिकलं. तिसरा आठवडा आला, ठसठस आली नाही.

झालं होतं असं. डॉक्टरबाईंनी पाय कोरडाच ठेवला. भिजलेलं नख फुगून मऊ होतं, कातडीचे थर नीट दिसत नाहीत आणि कुठे थांबायचं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग चिमट्याने कडेचं मांस जरा बाजूला सारलं, अरुंद तोंडाची कात्री सरळ आत घातली आणि एक झटका. गॉझवर ठेवून मला दाखवलं: एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने माशाच्या काट्यासारखं टोक. पार्लरमध्ये कोपरा तिरका कापला जायचा. हत्यार पोचायचं तिथवरच नख निघायचं आणि त्याच्यामागे एक हुकासारखा आकडा शिल्लक राहायचा. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. म्हणजे तो आकडा दर महिन्याला तेवढा पुढे सरकून मांसात घुसायचा, आणि मी पैसे देऊन तो पुन्हा टोकदार करून घ्यायची.

आता नख आडवं सरळ कापायचं, कोपरे मांसाच्या वर दिसत राहिले पाहिजेत. बस, एवढाच सल्ला. माझ्या मावशीचा उपाय वेगळा होता: नखाच्या टोकाला मधोमध खाच पाडायची, म्हणजे कडा आपोआप मध्याकडे ओढल्या जातात. हे विचारल्यावर बाई हसल्या. नख मुळापासून वाढतं, टोकाला काय कोरलंय याचा मुळाला पत्ताच नसतो.

आता हत्यारांच्या पाकिटाबद्दल. मला माहितीय, मी याचं फार करते. पण त्या दिवशी काट्याइतकंच माझं लक्ष वेधलं ते पाकिटाने. हत्यारं एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लॅस्टिक असलेल्या बंद पाकिटात होती. ती माझ्यासमोर फाडली. पाकिटाच्या कडेला एक छोटी पट्टी असते. न वापरलेल्या पाकिटावर ती गुलाबी, ऑटोक्लेव्हमधून निघालेल्यावर तपकिरी. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा मोठा कुकरच म्हणा: दाबाखालची वाफ, 121 अंशांना पंधरा-वीस मिनिटं किंवा 134 अंशांना तीन-चार मिनिटं. पट्टी बदलली म्हणजे पाकीट त्या वाफेतून गेलं एवढंच कळतं, आतलं शंभर टक्के निर्जंतुक झालं याची ती हमी नव्हे. त्यासाठी मशीनची वेगळी तपासणी करावी लागते, हेही बाईंनी आपणहून सांगितलं. तेव्हापासून मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी आधी पट्टी बघते.

आमच्या पार्लरमध्ये निळ्या दिव्याची पेटी आहे. मला ती फार भारी वाटायची. तो प्रकाश जिथे पडतो तिथलेच जंतू मारणार. कात्रीच्या खाचेत, एकावर एक ठेवलेल्या हत्यारांच्या खालच्या बाजूला तो पोचत नाही. पाय बुडवायच्या टबाचं तर आणखी वाईट. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथल्या एका सलूनमध्ये शंभराहून जास्त ग्राहकांच्या पायांना न भरणारी गळवं झाली. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू निघाला. टबात पाणी खेचणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला होता, त्यात तो वाढत होता. आधी पायांवर रेझर फिरवून आलेल्या बायकांना धोका जास्त होता, कारण रेझरचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना उघडं दार. मी दीड वर्ष नेमानं आदल्या रात्री रेझर फिरवून जायची. त्या मुलीसमोर नीटनेटकं दिसायला.

पण पायाच्या डॉक्टरांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. चौथ्या महिन्यात नख पुन्हा रुतलं. सल्ला तंतोतंत पाळूनही! वाढवलेल्या कोपऱ्याने तोपर्यंत तीन मोज्यांना भोकं पाडली होती, ते वेगळंच. बाई म्हणाल्या, नख मुळातच रुंद आणि कडेला वळलेलं आहे, कडेची पट्टी कायमची काढू. अंगठ्याच्या बुडाशी दोन बाजूंनी भुलीचं इंजेक्शन, कडेची उभी पट्टी मुळासकट बाहेर, आणि तिच्या जागी मुळाला फिनॉल लावून ते जाळून टाकायचं, म्हणजे ती पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही. इंजेक्शन दुखतं. 'मुंगी चावल्यासारखं' म्हणणाऱ्यांना एकदा मुंगीच चावली पाहिजे. त्यानंतर मात्र काहीच कळलं नाही, मी छताकडे बघत पडून होते. 'दोन-तीन आठवडे थोडं पाझरेल' असं सांगितलं होतं. पाच आठवडे पाझरलं. रोज ड्रेसिंग, पुढून उघडी चप्पल, आणि दोनदा फोन केला तर रिसेप्शनवरून तेच पालुपद: 'नॉर्मल आहे'. नॉर्मल असेलही, पण पाच आठवडे लागू शकतात हे आधी सांगायला काय जातं? याचा एक तारा कापते.

त्याला आता दहा महिने झाले. अंगठ्याचं नख आधीपेक्षा किंचित अरुंद दिसतं, दुसरं काही नाही. हिशेब मांडला तर प्रोसिजर धरूनसुद्धा दीड वर्षाच्या पेडिक्युअरपेक्षा खर्च कमी झालाय. हा हिशेब मी तीनदा तपासलाय, कारण आकडा मलाच पटत नव्हता.

दुसरं एक नख पिवळं पडून जाड झालं होतं. पार्लरमध्ये एका नजरेत 'फंगस' ठरलं आणि एक तेल माझ्या गळ्यात मारलं. सहा महिने लावलं. बाईंनी नखाचा तुकडा आणि खालचा भुगा तपासणीला पाठवला. बुरशी सापडली नाही. अशा दिसणाऱ्या नखांपैकी जेमतेम निम्मीच बुरशीची असतात म्हणे. माझं चालताना बुटाला आपटून आपटून तसं झालेलं. खरंच बुरशी असती तर टर्बिनाफिनच्या गोळ्या रोज एक, तीन महिने, आणि आधी लिव्हरची रक्ततपासणी, म्हणून उगाच अंदाजाने सुरू करत नाहीत. उपाय काय निघाला? अर्धा नंबर मोठे बूट. तेलाची बाटली दाराची बिजागरी करकरते तिला वापरतेय.

तिसऱ्या भेटीला आईला घेऊन गेले, आणि माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते तिथे. आईला बारा वर्षांचा मधुमेह. तिला पार्लरमध्ये मीच न्यायची, वाढदिवसाची भेट म्हणून. बाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. 'आजी, पायाला काही लागलं की हो म्हणा.' एका दांड्याला नायलॉनचा ताठ धागा असतो, तो वाकेपर्यंत टेकवायचा. तो दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. अंगठ्याखाली टेकवला, करंगळीखाली, मग तळव्याच्या फुगीर भागावर. मी बघत होते. आई गप्प. थोड्या वेळाने डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, 'कधी सुरू करताय?'

दोन महिन्यांपूर्वीच पार्लरमध्ये याच तळव्यावरचा घट्टा पात्याने तासला होता. जरासं रक्त आलं होतं. 'अजिबात दुखलं नाही, काय हलका हात आहे पोरीचा,' असं आईने चार जणींना कौतुकाने सांगितलं होतं.

तेव्हापासून आईचं पार्लर बंद. दर आठ आठवड्यांनी बाई तिची नखं कापतात, घट्टा कोरड्या पात्याने थर थर उतरवतात, घोट्यापाशी आणि पावलावर नाडी बघतात. घट्टा म्हणजे कातडीने दाबापुढे उभी केलेली भिंत. दाब तसाच ठेवून भिंत पाडली की ती दुप्पट जोमाने उभी राहते. बुटात मऊ तळ घातल्यावर आईचा घट्टा निम्म्यावर आला. घरी आम्ही रोज रात्री तिचे तळवे बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. आई म्हणते, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

मग पार्लर सोडलं का? नाही. ज्यांना मधुमेह नाही, पाय शाबूत आहेत, जखम नाही, त्यांनी खुशाल जावं. डॉक्टरबाईंकडून परतताना पाय दुरुस्त झालेला असतो, पण सुखावलेला नसतो. माझ्या टाचांच्या भेगांना त्यांनी युरियाचं मलम दिलं. गुण येतो, पण पांघरूण बुळबुळीत होतं आणि सलग लावायचा कंटाळा येतो. पोटऱ्या दाबून घ्याव्यात तर त्या मुलीकडूनच. फक्त माझे आता तीन नियम आहेत: पाणी नको, पातं नको, कोपऱ्याला हात नको. शिवाय अधूनमधून महिनाभर नखं बिनरंगाची ठेवते. नखाखाली काळा डाग आला तर तो बहुतेकदा मार असतो, क्वचित कर्करोगही असतो, आणि लाल रंगाखाली दोन्ही दिसत नाहीत.

त्या मुलीला मी पाकिटांबद्दल इतकं पिडलं की मागच्या महिन्यात गेले तर ती हसतच समोर आली. 'ताई, तुमच्यासाठी मागवली बघा.' ट्रेमध्ये कात्री, फाइल, चिमटा, सगळं पाकिटात, कडा नीट चिकटवलेल्या. डॉक्टरबाईंकडे असतात त्याच कंपनीची. मी एक उचलून उजेडात धरलं. पट्टी गुलाबी.

तिचा चेहरा बघून मला काही बोलवेना. पाकीट न फोडता ट्रेमध्ये ठेवलं आणि म्हटलं, 'आज नुसतं मालीश कर गं.'