विंडोज १० चा जुना पीसी: मुदत वाढवावी, विंडोज ११ टाकावे की लिनक्स मिंट?

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. पीसी सुरू होतो, टॅली उघडते, प्रिंटर छापतो, म्हणून काही बिघडलेले जाणवत नाही. पण त्या तारखेनंतर सापडलेली भगदाडे आता आपोआप बुजत नाहीत, आणि घरातले नेटबँकिंग, आयकराचे रिटर्न, सोसायटीचे हिशेब त्याच पीसीवर चालतात.

लॅमिंग्टन रोड (मुंबईतला संगणक बाजार) गाठण्याआधी दोन गोष्टी पाहा: प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे आणि कोणत्या सॉफ्टवेअरशिवाय तुमचे अडेल. पीसी किती वर्षे वापरला, हा प्रश्न त्यानंतरचा. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आय५-८४०० म्हणजे आठवी पिढी, आय३-१०१०० म्हणजे दहावी. इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे, तसेच एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात. नेमके उत्तर मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ देते.

प्रोसेसर बसत असेल तर विंडोज ११

मग दुसरा विचार करू नका. अडचण बहुतेक वेळा टीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सोयीची) येते, आणि तिथेच लोकांना नवीन मदरबोर्ड घ्यायला सांगितले जाते. टीपीएम २.० ची सोय या पिढीच्या प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) ती बंद असू शकते. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ हा पर्याय शोधून चालू करा.

दुसरी अडचण जुन्या पद्धतीच्या बूटची. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ दिसले, तर डिस्कची मांडणी बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे, ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. इथे क्रम चुकवू नका. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ साधनाने डिस्क तपासून बदला, आणि शेवटी बायोसमध्ये सीएसएम (जुना बूट) बंद करून यूईएफआय (नवा बूट) लावा. बायोस आधी बदलला तर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे येते आणि डिस्क गेली असे वाटते. तसे झाल्यास बायोस पूर्ववत करा, विंडोज पुन्हा सुरू होते. यातल्या कशासाठीही फॉरमॅट लागत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो ‘सस्पेंड’ करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

घड्याळ वारंवार मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आधी बदला. सेल संपला की बायोसची सेटिंग पुसली जातात, आणि चुकीच्या तारखेमुळे बँकेची वेबसाइट प्रमाणपत्राची चूक दाखवते.

प्रोसेसर बसत नसताना अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतील. ते चालते, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षेसाठी एवढा खटाटोप करून हमीच नसलेली गोष्ट घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सहावी-सातवी पिढी आणि टॅली किंवा श्रीलिपी: मुदतवाढ

ईएसयू ही सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’ पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. पीसीची सेटिंग खात्याशी सिंक केली तर मुदतवाढ मोफत मिळते, नाहीतर एकदाच ३० डॉलर. एका खात्यावर १० पीसी चालतात. हा उपाय तात्पुरता आहे. डीटीपी करणाऱ्यांनी हा काळ श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी वापरावा.

फक्त ब्राउझर, यूट्यूब, पत्रे: लिनक्स मिंट

मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) ४ जीबी रॅमवर बरे चालते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन ते इन्स्टॉल न करताच चालवून पाहा: वायफाय, आवाज, प्रिंटर. कॅनन एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर बराच त्रास देतो, तो आधीच तपासा. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आयता मिळतो. टॅली मात्र थेट चालत नाही. डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर त्याच्या लिनक्स ड्रायव्हरची खात्री केल्याशिवाय विंडोज पुसू नका.

कोणताही मार्ग घ्या, हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. २५६ जीबी पुरते, आणि वेगाचा सर्वात मोठा फरक त्यानेच पडतो. बॅकअपची बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेली डिस्कही कुलूपबंद करते. वर्सोवा, माहीमसारख्या खाऱ्या हवेच्या भागात पावसाळ्यात ओल साचू नये म्हणून पीसी आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालू ठेवा. सुरूच न होता बीप दिली, तर वायर काढून रॅमची सोनेरी पट्टी कोरड्या खोडरबराने हलके पुसा.

पीसी दुकानातून आणला असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी उघडून पाहा. बनावट ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारे साधन) टाकताना डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसने, दुर्लक्ष करावे म्हणून एखादा फोल्डर, कधी आख्खा सी ड्राइव्ह तिथे घातलेला असतो. तसे असेल तर डिफेंडर असून नसल्यासारखा. नोंद काढा, पूर्ण स्कॅन करा, आणि परवाना असलेले विंडोज नव्याने टाकेपर्यंत त्या पीसीवर बँकेचा पासवर्ड टाकू नका.